गोळीवरचे ओरखडे

२ नोव्हेंबर २०१८च्या रात्री अकराच्या सुमारास राळेगाव तालुक्यातल्या बोराटीच्या जंगलात एक गोळी सुटली आणि राळेगाव-पांढरकवडा पट्ट्यात दोन वर्षं चाललेला पाठलाग संपला. लक्ष्मीपूजन पाच दिवसांवर होतं. वनखात्याच्या लेखी ‘टी-१’ आणि बाकी देशाच्या लेखी ‘अवनी’ असलेली वाघीण मेली, हे कळताच आसपासच्या गावांत फटाके वाजले. २०१६पासून या भागात गेलेल्या तेरा माणसांच्या मृत्यूंचा ठपका तिच्यावर होता. पऱ्हाटी वेचायला बाया घोळक्यानंच वावरात जात होत्या आणि रानडुकरं, रोही हाकलायला रात्री जागलीला जाणं थांबलं होतं. गावांना सुटल्यासारखं झालं यात नवल नव्हतं. मुंबई-दिल्लीत त्याच बातमीवर मेणबत्त्या लागल्या.

यवतमाळ जिल्ह्यात खुणांविषयी बोलायचं, तर आधी पंजाचे ठसेच आठवतात. टी-१च्या मागावर असलेल्यांनी नाल्याच्या ओल्या रेतीतले ठसे पाहिले, कॅमेरा ट्रॅप लावले, ड्रोन आणि पॅराग्लायडर उडवले, हत्ती आणले, इटालियन जातीची शिकारी कुत्री आणली. वाघिणीला ओढून घ्यायला कॅल्विन क्लाइनचं एक पुरुषी अत्तरही शिंपडलं. वाघीण मेल्यावर मात्र मातीतल्या ठशांचा विषय संपला. पुढचा सगळा वाद तिच्या अंगावरच्या दोन खुणांवर चालला. एक होती बंदुकीच्या गोळीची, दुसरी बेशुद्धीच्या डार्टची.

डावी बाजू

गोळी झाडली हैदराबादच्या असगर अली खान यांनी. त्यांचे वडील नवाब शफात अली खान यांना वनखात्यानं या मोहिमेसाठी बोलावलं होतं. असगर अलींचं म्हणणं असं, की डार्ट लागल्यावर वाघीण उघड्या जीपवर चालून आली आणि स्वसंरक्षणासाठी गोळी झाडावी लागली. न्यायालयानं मोहिमेला हात लावला नव्हता. आधी बेशुद्ध करण्याचा प्रयत्न आणि ते साधलं नाही तरच गोळी, असा वनखात्याचा सप्टेंबरमधला आदेश होता आणि सर्वोच्च न्यायालयानं त्यात हस्तक्षेप करायला नकार दिला होता. त्यामुळे गोळी झाडायची परवानगी होती का, हा मुख्य प्रश्न राहिला नाही. खरोखर आधी डार्ट मारलं गेलं का आणि वाघीण खरंच अंगावर येत होती का, हे दोन प्रश्न उरले.

नागपूरच्या गोरेवाड्यात शवविच्छेदन झालं. गोळी डाव्या पुढच्या पायाच्या वरच्या भागातून शिरून छातीत गेली होती. समोरून झेपावणाऱ्या जनावराला गोळी साधारण तोंडावर, मानेवर किंवा छातीच्या पुढच्या भागावर लागते. राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाच्या चौकशी समितीनं यावरून स्वसंरक्षणाच्या दाव्यावर शंका घेतली. डार्टची गत आणखी विचित्र होती. बेशुद्धीचं औषध तयार केल्यावर चोवीस तासांत वापरायचं असतं, इथलं छप्पन्न तासांचं शिळं होतं. पथकाबरोबर त्या वेळी पशुवैद्यक नव्हता. डार्ट बंदुकीतून सुटून रुतलं की मागाहून हातानं खोचलं, असाही संशय घेतला गेला. प्राधिकरणाच्या नियमावलीबरोबरच शस्त्र कायद्याचंही उल्लंघन झाल्याचं समितीनं नोंदवलं. पुढे प्रकरण अवमान याचिकेच्या रूपानं पुन्हा सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि २०२१मध्ये तिथंच मिटलं.

त्या चौकशीच्या बातम्यांत ‘बॅलिस्टिक’ हा शब्द पहिल्यांदाच जिल्ह्यातल्या चहाच्या टपऱ्यांवर पोचला. लोकांना वाटलं, गोळीवरच काहीतरी लिहिलेलं असतं आणि साहेब ते भिंगातून वाचतात. ही समजूत अगदीच चुकीची नाही. गोळीवर खुणा असतातच, एक नाही अनेक. गोळी तयार करणारा, ती झाडणारा आणि ती शवातून काढल्यावर तपासणारा, हे तिघं त्याच गोळीकडे पाहतात, पण तिघांचे डोळे वेगवेगळ्या जागी जातात.

पुंगळी पुन्हा भरताना

आधी गोळी तयार करणारा. अमेरिकेत स्वतःच्या वापरासाठी पिस्तुलाची काडतुसं घरी भरायला संघराज्याचा परवाना लागत नाही. गॅरेजमधल्या टेबलाला एक लोखंडी प्रेस ठोकलेला असतो. चांदमारीवर गोळा केलेल्या रिकाम्या पितळी पुंगळ्या एकेक करून त्यात चढतात. जुनी उडालेली टोपी (प्रायमर) काढायची, फुगलेली पुंगळी साच्यात दाबून मूळ मापावर आणायची, नवी टोपी बसवायची, दारू मोजून घालायची, वर शिशाची किंवा तांब्याचा मुलामा दिलेली गोळी ठेवून ती दाबून बसवायची आणि पुंगळीची कड किंचित आत वळवायची. काम कंटाळवाणं आणि शिस्तीचं. पैसे वाचतात म्हणून सुरू केलेलं हे काम बहुतेकांना पुढे आवडीसाठी सोडवत नाही.

आणि पहिली पन्नास काडतुसं तयार झाली, की नवखा माणूस धसकतो. गोळीच्या नाकावर बारीक गोल कड उमटलेली असते. बाजूला ओरखडा असतो. पुंगळीच्या तोंडाशी शिशाची कातरण निघालेली दिसते. दुकानातल्या डबीतली गोळी गुळगुळीत असते, मग आपलीच अशी का?

नाकावरची कड बसवणीच्या दांडीची असते. ती दांडी एका आकाराच्या नाकासाठी घडवलेली असते. गोळी चपट्या नाकाची आणि दांडी गोल नाकासाठीची असली, की दाबताना कड उमटते. शिसं मऊ असल्यामुळे त्यावर ती जास्त खोल दिसते, तांब्याच्या आवरणावर कमी. नेमबाजीच्या दृष्टीनं ती जवळपास निरुपद्रवी असते. घरी ओतलेल्या गोळ्यांचंही तसंच. शिसं फार तापलं की पृष्ठभाग हिवाळी सकाळच्या काचेसारखा धुरकट होतो, थंड राहिलं की सुरकुत्या पडतात, साच्याचे दोन भाग जिथे जुळतात तिथे बारीक उभी रेघ राहते. धुरकटपणा आणि ती रेघ दिसायला वाईट, बाकी काही नाही.

सगळ्याच खुणांबाबत मात्र असं म्हणता येत नाही. बाजूनं शिसं कातरलं जात असेल, तर बसवण्याआधी पुंगळीचं तोंड पुरेसं उघडलेलं नसतं. अशी गोळी तिरकी बसते. कड जास्त वळवली तर तांब्याचा मुलामा फाटतो आणि गोळी उडताना तो सुटतो. गोळी पुंगळीत जितकी बसायला हवी त्याहून आत दबली, तर मात्र तो ओरखड्याचा विषयच राहत नाही. आतली जागा कमी झाली की दाब भलताच वाढतो आणि बंदूक फुटू शकते. एखादी खूण कुरूप दिसणं वेगळं आणि ती एखाद्या चुकीचं लक्षण असणं वेगळं, हे ओळखता येणं हेच या छंदातलं खरं शिक्षण.

यावर जुना आणि ठोस पुरावा आहे. अमेरिकेतले डॉक्टर फ्रँकलिन मॅन गोळीचा प्रवास अनेक वर्षं मोजत राहिले आणि त्यांचं पुस्तक १९०९मध्ये निघालं. त्यांनी मुद्दाम बिघडवलेल्या गोळ्या झाडून पाहिल्या. नाक खराब केलेल्या गोळ्या नेमावर आश्चर्य वाटावं इतका कमी परिणाम करत होत्या. बुडाची कड जरा कुठे चेपली असली, की मात्र गोळ्या भरकटत होत्या. कारण सोपं आहे. गोळी नळीबाहेर पडते त्या क्षणी मागून येणारा वायू बुडाशी सगळीकडून सारखा सुटायला हवा. एका बाजूनं आधी सुटला की गोळीला तिथेच धक्का बसतो. नाक हवेत पुढे जातं, ते जरा खरवडलेलं असलं तरी फिरकीवर ते सावरतं. दहा इंचांत एक वेढा घेणाऱ्या नळीतून ताशी हजार-बाराशे किलोमीटरच्या वेगानं निघालेली पिस्तुलाची गोळी सेकंदाला हजाराहून जास्त गिरक्या घेते.

शिवाय ज्या बाजूच्या ओरखड्याची काळजी करत नवखा रात्रभर बसतो, त्याहून कितीतरी खोल खाचा ती नळीच गोळीवर पाडणार असते.

आपल्याकडच्या खेळाडूंना हा धसका क्वचितच बसतो. ऑलिंपिकमधल्या २५ मीटर पिस्तुलाला .२२ची काडतुसं लागतात, म्हणजे राही सरनोबतच्या हातात येतात ती. या काडतुसांची टोपी पुंगळीच्या किनारीतच असते, त्यामुळे एकदा उडाली की पुंगळी भंगारात. पुन्हा भरता येतात ती मध्यभागी टोपी असलेली. २००६च्या दोहा आशियाई खेळांत जसपाल राणानं सेंटर फायर पिस्तुलात ५९० गुणांनी विश्वविक्रमाची बरोबरी केली, तो प्रकार या काडतुसांचा.

साउदॅम्प्टनचा बटलर

घरी ओतलेल्या गोळीवरची एक कुरूप खूण मात्र इतिहासात गेली. १८३५मध्ये इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या एका घरात दरोडा पडल्याची तक्रार आली. बटलर जोसेफ रँडलचं म्हणणं, दरोडेखोरांनी त्याच्यावर गोळी झाडली, तो थोडक्यात वाचला. लंडनहून बो स्ट्रीट पोलिसांचा हेन्री गोडार्ड तपासाला आला. त्यानं पलंगात रुतलेली गोळी काढली आणि बटलरच्या स्वतःच्या गोळ्या मागितल्या. दोन्हींवर एकाच जागी बारीक फोड होता. बटलरच्या साच्यात त्याच जागी खड्डा सापडला. बटलरनं सगळं कबूल केलं. मालकिणीकडून शौर्याचं बक्षीस मिळवायला त्यानं दरोड्याचं नाटक रचलं होतं.

बंदूकविज्ञानाच्या पुस्तकांत हे प्रकरण नेहमी पहिल्या पानावर असतं. तो फोड गोळीच्या नेमावर काही परिणाम करणारा नव्हता. आजच्या भाषेत शंभर टक्के ‘कॉस्मेटिक’.

नळीची सही

गोडार्डच्या काळात नळ्या बहुतेक गुळगुळीत होत्या, त्यामुळे साचा पाहायला लागला. पुढे नळीच्या आत पिळाच्या खाचा सर्रास आल्या आणि सगळं बदललं. गोळी नळीतून घासत जाते तेव्हा त्या खाचा तिच्या अंगावर कोरल्या जातात. किती खाचा आणि पीळ कुठल्या दिशेला, यावरून बनावट ओळखता येते. स्मिथ अँड वेसनच्या रिव्हॉल्व्हरला साधारण पाच खाचा उजव्या पिळाच्या, कोल्टला सहा डाव्या. पण त्याच बनावटीच्या दोन नळ्या वेगळ्या करायच्या, तर खाचांच्या आतल्या बारीक रेघा बघाव्या लागतात. नळी कापणाऱ्या हत्याराची झीज, आत लागलेला गंज, वापर यांनी त्या रेघा घडतात. दोन गोळ्या एकाच वेळी शेजारीशेजारी पाहता येतील असा तुलनात्मक सूक्ष्मदर्शक १९२५च्या सुमारास न्यूयॉर्कमध्ये फिलिप ग्रॅव्हेलनं जुळवला. कॅल्व्हिन गोडार्डनं तो न्यायालयापर्यंत नेला. आडनाव सारखं, नातं काही नाही.

महाराष्ट्रात आज काम चालतं ते असं. मुद्देमाल म्हणून जप्त केलेली गोळी कापसात गुंडाळून सीलबंद होते आणि प्रयोगशाळेत जाते. संशयित बंदूक तिथे कापसाच्या पेटीत किंवा पाण्याच्या टाकीत झाडली जाते, म्हणजे चाचणीची गोळी न चेपता मिळते. मग दोन्ही गोळ्या सूक्ष्मदर्शकाखाली फिरवत रेघा जुळवायच्या. पंचनाम्याच्या वेळी गोळी लोखंडी चिमट्यानं उचलू नये, असं तपास अधिकाऱ्यांना सांगितलं जातं. चिमट्याचा ओरखडा खऱ्या रेघांवर बसला तर गोंधळ. तपासनीस स्वतःची ओळखखूण कोरत असे ती नाकावर किंवा बुडावर, बाजूवर कधीच नाही.

इथे नेमबाज आणि प्रयोगशाळा समोरासमोर येतात. नेमबाजाला बूड जपायचं असतं, बाजू खाचांनी कितीही कापली गेली तरी चालते. प्रयोगशाळेला बूड चेपलेलं चालतं, बाजू हवी. नाकाची पर्वा दोघांनाही फारशी नाही, आणि नवखा भरणारा भिंग घेऊन तेच बघत बसलेला असतो.

पुन्हा भरलेल्या काडतुसाचं प्रयोगशाळेला वेगळंच डोकेदुखीचं काम असतं. टोपी नवी असते, तेव्हा घोड्याच्या टाचणीची खूण ताजी उमटते. पुंगळीच्या किनारीवर मात्र आधीच्या बंदुकीच्या एक्स्ट्रॅक्टरच्या, म्हणजे पुंगळी बाहेर ओढणाऱ्या आकड्याच्या खुणा, मापावर आणणाऱ्या साच्याचे उभे ओरखडे आणि नव्या बंदुकीच्या खुणा असे थर साचतात. कुठला थर कुणाचा हे उलगडायला वेळ लागतो.

हे सगळं नळी नीट असल्यावर. नरेंद्र दाभोलकर, गोविंद पानसरे, एम. एम. कलबुर्गी आणि गौरी लंकेश यांच्या खुनांत ७.६५ मिमीची गावठी पिस्तुलं समोर आली. गावठी कट्ट्याची नळी एखाद्या नळाच्या तुकड्याची असू शकते. तिचं भोक गोळीहून मोठं असलं, तर गोळी आत हेलकावते आणि दोन गोळ्यांवर दोन तऱ्हेच्या खुणा पडतात. कलबुर्गी आणि गौरी लंकेश यांच्यावर एकाच हत्यारानं गोळ्या झाडल्याचा निष्कर्ष कर्नाटकच्या प्रयोगशाळेनं काढला. दाभोलकर-पानसरे प्रकरणात मात्र मुंबई आणि बंगळूरच्या निष्कर्षांचा मेळ बसेना. सीबीआयनं स्कॉटलंड यार्डचं मत घ्यायची तयारी केली, तसा करार नसल्यानं ते झालं नाही आणि अहमदाबादच्या प्रयोगशाळेकडे जावं लागलं. दाभोलकर खटल्यात शिक्षा झाली ती १० मे २०२४ला, खुनानंतर जवळपास अकरा वर्षांनी.

भरमार

यवतमाळात घरी भरायची बंदूक आहेच, आणि ती बेकायदा नाही. भरमार. कोकणात तिला ठासणीची म्हणतात. दारू नळीच्या तोंडातून घालायची, गजानं ठासायची, छर्रे किंवा गोळी, पुन्हा चिंध्या आणि गज, मागे टोपी. प्रत्येक बार म्हणजे एकदा घरी किंवा धुऱ्यावर भरलेलं काडतूस. शस्त्र कायद्याच्या तेराव्या कलमातच पीकसंरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीच्या परवान्याची तरतूद आहे. तिथे कायदा शेतकऱ्यावर दारूचं माप सोपवतो.

भरमारीची नळी गुळगुळीत. ती गोळीवर सही करत नाही. छर्ऱ्यांवर तर नाहीच. या बंदुकीतून सुटलेला छर्रा प्रयोगशाळेत गेला तर तो कुठल्या बंदुकीचा हे सांगणं जवळपास अशक्य. गडचिरोली, चंद्रपूर, यवतमाळच्या जंगलात चोरटी शिकार करणाऱ्याला हे कुणी शिकवायला लागत नाही.

त्याच कायद्यात रिव्हॉल्व्हरची काडतुसं घरी भरणाऱ्यासाठी मात्र दार बंद आहे. ‘ॲम्युनिशन’च्या व्याख्येत तयार काडतुसांबरोबर त्यांचे सुटे भाग आणि ती बनवायची यंत्रंही मोडतात. म्हणजे तो टेबलावरचा लोखंडी प्रेस, एकही गोळी न भरता, कायद्याच्या दृष्टीनं दारूगोळाच. पाचव्या कलमाखालचा उत्पादनाचा परवाना नसेल, तर २०१९च्या दुरुस्तीनंतर शिक्षा सात वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत आहे. कट्टे बनवणाऱ्यांसाठी ही शिक्षा आहे हे खरं, पण स्पर्धेसाठी नेमाची काडतुसं भरू इच्छिणाऱ्या प्रामाणिक खेळाडूलाही ती त्याच मापानं मोजते. भरमारीला मोकळीक आणि प्रेसवर जन्मठेपेची टांगती तलवार, हा विरोधाभास कुणाला सोडवावासा वाटलेला दिसत नाही.

त्यामुळे परवानाधारकानं डबीतलीच काडतुसं घ्यायची. ती डबी शक्यतो खडकीच्या किंवा वरणगावच्या सरकारी कारखान्यातून येते. ९ मिमी साध्या माणसाला मनाई असल्यानं पिस्तूल-रिव्हॉल्व्हरवाला .३२वर असतो. २०१४मध्ये सरकारी कारखान्यानं बायकांसाठी काढलेलं ‘निर्भीक’ रिव्हॉल्व्हरही .३२चंच. दारूगोळ्याचं जग जिल्ह्याला लांबचं नाही. वर्धा नदीपलीकडे भद्रावतीचा आयुध कारखाना आहे, वर्धा जिल्ह्यात पुलगावचं मध्यवर्ती दारूगोळा भांडार आहे आणि भंडाऱ्याला दारू बनते. भंडाऱ्यात २४ जानेवारी २०२५च्या स्फोटात किमान आठ कामगार गेले. दारू जिथे सगळ्यात काळजीनं हाताळली जाते, तिथलं हे.

नोंदवहीतला नंबर

प्रत्येक विकलेल्या पिस्तुलाची सही आधीच जपून ठेवली तर? अमेरिकेतल्या मेरीलँड राज्यानं २०००पासून तेच केलं. नवं पिस्तूल विकताना त्यातून झाडलेली एक पुंगळी सरकारकडे जमा करायची. तीन लाखांहून जास्त पुंगळ्या साठल्या. पंधरा वर्षांत त्या साठ्यानं एकही गुन्हा सोडवला नाही, आणि २०१५मध्ये राज्यानं ती सक्ती मागे घेतली. २०२३मध्ये त्याच राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानं, गोळी नेमक्या याच बंदुकीतून सुटली असं तज्ज्ञानं ठामपणे म्हणू नये, असा निकाल दिला. रेघा जुळतात इतकंच सांगा.

यवतमाळच्या जिल्हाधिकारी कार्यालयात परवान्यांच्या नोंदींत बंदुकीचा नंबर, बोअर, मालकाचं नाव आणि मुदत असते. नळीच्या आतल्या रेघांची कुणी नोंद ठेवत नाही. निवडणूक जाहीर झाली की ठाण्यातून निरोप जातो, माणसं सायकलच्या दांडीला बांधून किंवा एसटीत पोत्यात गुंडाळून बंदुका आणतात, हवालदार नंबर वहीशी ताडून पाहतो आणि पावती देतो. निकालानंतर त्याच पावतीवर बंदूक परत मिळते. बऱ्याचदा तिची नळी आतून गंजलेली असते, आणि पुढच्या बाराला गोळीवर पडणारी सही तेव्हा जराशी बदललेली असते.